छोटी जुनी रेल्वे स्टेशनं नाहीशी होण्याआधी टिपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून मिरज, दौंड आणि लोणावळा या तिन्ही बाजूंची छोटी स्टेशनं झपाट्याने बदलत आहेत. ती आहेत तशी फोटोंत टिपून ठेवावीत असं वाटणारी मंडळी सतत जे विचारतात, त्यातून ही प्रश्नोत्तरं जुळवली आहेत. एकदा आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एवढी घाई कशाला? स्टेशनं शंभर वर्षं उभी आहेत, अजून दहा वर्षं राहतीलच की.

शंभर वर्षं उभी राहिली ती बहुधा एकेरी मार्गामुळे. पुणे–मिरज हा सुमारे २८० किलोमीटरचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मीटर गेजचा (दोन रुळांत एक मीटर अंतर) म्हणून बांधला. १९७० च्या आसपास तो ब्रॉड गेज झाला, तरी बऱ्याच ठिकाणी जुनी इमारत, जुना मालधक्का, जुनं आवार तसंच वापरात राहिलं. दुहेरीकरणाचं तसं नाही. दुसरा रूळ टाकायला जागा लागते, आणि ती जागा फलाटाच्या एका बाजूला असलेल्या इमारतीतून, झाडांतून, कर्मचाऱ्यांच्या चाळीतून काढावी लागते. सोबत विद्युतीकरण येतं. मग खांब आणि तारा आल्या की उभ्या असलेल्या इमारतीचंही पूर्वीसारखं सलग दर्शन होत नाही.

त्यातच अमृत भारत स्टेशन योजना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची एकाच दिवशी पायाभरणी झाली. मे २०२५ मध्ये ज्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यांत आपल्या बाजूची केडगाव आणि लोणंद ही दोन होती. प्रवाशांना सावली, स्वच्छतागृह, उंच फलाट, उद्वाहन मिळायलाच हवं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुन्या बुटक्या फलाटावरून गाडीत चढताना ज्यांनी पाहिलं आहे, ते या कामांना विरोध करणार नाहीत. मीही करत नाही. पण काम सुरू होण्याआधी तिथे काय होतं याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

२. मी अगदी नवखा आहे. पहिलं स्टेशन कोणतं निवडू?

तुमच्या आजोळचं किंवा ज्या स्टेशनावर तुमची रोज गाडी थांबते ते. ओळखीच्या जागी काय बदललं हे तुम्हाला आपोआप दिसतं.

तसं काही नसेल तर मिरज मार्गावर पॅसेंजरने जा. फुरसुंगी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा ही स्टेशनं एका दिवसात सगळी होणार नाहीत, आणि करूही नका. एका दिवसाला एक, फार तर दोन. शिंदवण्याच्या घाटात गाडी चढते तो भाग आणि पुढचं पठार यांत स्टेशनांचं रूप कसं बदलतं ते खिडकीतूनही कळतं. लोणावळा बाजूला मळवली चांगलं. लोहगड-विसापूरची रांग मागे असते, त्यामुळे स्टेशन कुठल्या भूगोलात बसलं आहे हे एकाच फोटोत येतं.

३. चांगला कॅमेरा लागतो का?

नाही, फोन पुरतो. फक्त तीन गोष्टी पाळा. झूम न करता पुढे चालत जा. फोन सरळ धरा, म्हणजे भिंती आत झुकलेल्या दिसणार नाहीत. आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेरा असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा. काळ्या दगडाची भिंत आणि दुपारचं पांढरं आकाश एकाच चौकटीत आलं की काहीतरी एक हरवतं. रॉमधून त्यातलं बरंच परत मिळवता येतं.

४. परवानगी लागते का? कुणाची?

व्यावसायिक चित्रीकरण, जाहिरात, प्री-वेडिंग यांना रेल्वेची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. त्यासाठी रेल्वे विभागाच्या जनसंपर्क कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. स्वतःच्या नोंदीसाठी फोनवर चार फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही, पण मोठा कॅमेरा किंवा तिपाई दिसली की प्रश्न येतो, आणि तो विचारण्याचा अधिकार स्टेशनमास्तर व रेल्वे सुरक्षा दलाला आहे.

म्हणून उतरल्या उतरल्या स्टेशनमास्तरांना भेटा. गाडीची वेळ टाळा. गाडी येताना ते कामात असतात. नाव सांगा, कशासाठी आलात ते सांगा, आधी काढलेले एक-दोन फोटो दाखवा. ते नाही म्हणाले तर नाही, तिथे वाद घालू नका. जास्त वेळ आणि तिपाई घेऊन काम करायचं असेल तर आधीच जनसंपर्क कार्यालयाला पत्र द्या आणि त्याची पोच खिशात ठेवा.

५. तिकीट कोणतं काढू?

फलाट तिकीट १० रुपयांचं असतं आणि ते दोन तास चालतं. पण छोट्या हॉल्टवर ते मिळेलच असं नाही. काही हॉल्टवर तिकिटं कमिशनवर नेमलेला एजंट विकतो. पॅसेंजरने गेलात तर उतरल्यावर परतीचं तिकीट लगेच काढून ठेवा. त्याने तपासणीत अडचण येत नाही, आणि शिवाय त्या स्टेशनच्या खात्यावर एका तिकिटाची विक्री पडते. तीही मला महत्त्वाची वाटते.

६. रुळांवर उतरून समोरून फोटो छान येतो. दोन मिनिटांत काय बिघडतं?

उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी विजेवरची गाडी फार कमी आवाजात येते. घाटाच्या वळणावर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, आणि एवढ्या दाबाच्या विजेला स्पर्शाची गरज नसते, जवळ गेलं तरी झटका बसतो. पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, मोनोपॉड किंवा छत्री बाहेर काढू नका. समोरून हवा असलेला फोटो समोरच्या फलाटावरून घ्या.

७. नेमकं काय काय टिपायचं? इमारतीचे फोटो काढून झाले की संपलं ना?

इथूनच खरं काम सुरू होतं. दर्शनी बाजूचा फोटो सगळेच काढतात. पाटी, कमान, घड्याळ यांचे फोटो कुठेही सापडतील. जे आधी जातं ते मागे असतं, आणि त्याचा फोटो कुणाकडेच नसतो.

आधी इमारत चारही बाजूंनी घ्या. समोरच्या फलाटावरून सरळ, मग दोन्ही टोकांकडून, मग मागून. मागच्या बाजूला एकेकाळी टांगे, बैलगाड्या उभ्या राहायच्या, म्हणून तिथे ओटा, दगडी पायऱ्या, झाडाखालचा पार असतो. जोतं किती उंच आहे, दगड घडीव आहे की नुसता फोडलेला, दरजा चुन्याने भरल्या आहेत की सिमेंटने, हे जवळून घ्या. छपराखाली जा आणि वर पाहा : मंगलोरी कौलं, त्याखालच्या रिपा, तुळया, वळचणीची लाकडी झालर, तिला धरून ठेवणारे ओतीव लोखंडाचे कंस. झालरीचा एक तुकडा पूर्ण समोरून आणि शेजारी मोजपट्टी धरून घ्या. पुढे कुणाला तशीच करून घ्यायची असेल तर तेवढ्यावरून सुतार ती कापू शकतो.

तिकीटखिडकी आतून-बाहेरून घ्या, आतून अर्थातच विचारून. पैसे सरकवून सरकवून झिजलेली दगडी पट्टी कुठे कुठे अजून आहे. प्रतीक्षालयातला लाकडी बाक, त्याच्या पाठीवर कोरलेली रेल्वेची अक्षरं. रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा. वाफेच्या इंजिनांना पाणी देणारा लोखंडी खांब आणि पत्रे जोडून केलेली उंच टाकी. यांचा उपयोग संपून जमाना झाला, त्यामुळे भंगारात जाणाऱ्यांत त्यांचाच नंबर पहिला.

मालधक्का विसरू नका. मिरज मार्गावरची कितीतरी गावं गूळ, कांदा, साखर, खत यांच्यामुळे रेल्वेशी जोडली गेली, आणि त्याची खूण म्हणजे वाघिणीच्या (मालडब्याच्या) दाराच्या उंचीचा तो दगडी धक्का. त्याच्या कडेला गाड्यांच्या चाकांचे घासे दिसतात का पाहा. मग गँगमनची चाळ, फाटकाची चौकी, विहीर, आवारातले लिंब-पिंपळ, चुना लावलेल्या दगडांनी गावाचं नाव लिहिलेली बाग. पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचता येईल असा एक फोटो हवाच.

शेवटी दूर जा. टेकडीवरून, गावाच्या रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून स्टेशन गावापासून किती लांब आहे ते दाखवणारा फोटो घ्या. सातारा स्टेशन शहरापासून बरंच बाजूला, माहुलीकडे आहे. नुसत्या इमारतीच्या फोटोत ते अंतर कधीच येत नाही, आणि त्या अंतरानेच टांगेवाले, चहाची टपरी आणि एसटीचा थांबा जन्माला घातला.

८. इमारत किती जुनी आहे हे कसं ओळखायचं? पाटीवर वर्ष नसतं.

लोखंड वाचा. छपराचे खांब, कुंपणाचे खुंट, टाकीचे पाय हे पुष्कळदा जुन्या रुळांचेच असतात. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचं नाव आणि वर्ष उठावात असतं : बॅरो, कॅमेल, टाटा. टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागलं, म्हणून टाटांचा रूळ त्यानंतरचाच. पण हे वर्ष रुळाचं आहे, इमारतीचं नाही. रूळ आधी मार्गावर झिजला, मग काढला गेला, मग खांब झाला; म्हणजे छप्पर त्या वर्षाच्या बरंच नंतरचं.

दुसरी खूण म्हणजे बाक, तिजोरी, वजनकाटा, कंदील यांच्यावरची कंपनीची आद्याक्षरं. पुणे–लोणावळा आणि पुणे–दौंड बाजूला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) दिसलं तर ती वस्तू १९५१ पूर्वीची, कारण त्या वर्षी नोव्हेंबरात मध्य रेल्वे झाली. मिरज बाजूला एम अँड एसएम (मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे) म्हणजे १९०८ ते १९५१ च्या दरम्यानची. तो मार्ग नंतर दक्षिण रेल्वेत, १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत आणि पुढे मध्य रेल्वेत आला, त्यामुळे एकाच खोलीत तीन राजवटींच्या वस्तू सापडू शकतात. रंगाच्या थरांखाली अक्षरं बुजली असतील तर बाजूने बॅटरीचा उजेड टाका, उठाव दिसतो. खरवडू नका.

९. कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी जाऊ?

नोंदीसाठी ढगाळ दिवस सर्वांत चांगला, कारण छपराखालच्या सावलीतलंही सगळं दिसतं. दगडाचा पोत आणि उठावातली अक्षरं हवी असतील तर सकाळचं तिरपं ऊन. पावसाळ्यात घाटात जाल तर कौलांवरून पागोळ्या कुठे पडतात, पाणी कुठे मुरतं, भिंत कुठे फुगली आहे ते कळतं. इमारतीची तब्येत पाहायला आषाढासारखा महिना नाही. जेजुरीला सोमवती अमावास्येला गर्दीसाठी जायचं तर जा, इमारतीसाठी नको.

१०. फोटोबरोबर काय लिहून ठेवू?

स्टेशनचं नाव, तारीख, तुम्ही कुठे उभे होतात आणि कुठल्या दिशेला पाहत होतात. दिशा पुण्याकडची, मिरजेकडची अशी लिहा. रेल्वेची माणसं तसंच बोलतात आणि पन्नास वर्षांनीही ते कळेल. मग वस्तूचं नाव. नाव माहीत नसेल तर तिथल्या पॉइंट्समनला किंवा गँगमनला विचारा, आणि ते जे म्हणतील तेच लिहा. हे त्याच दिवशी परतीच्या गाडीत करा. मथळा नसलेला फोटो काही वर्षांनी नुसती एक जुनी भिंत होऊन बसतो.

११. स्टेशनच्या नावांत काही फसगत होते का?

होते, आणि मिरज मार्गावर निघालेल्या नवख्यांची तर हमखास. या मार्गावरचं आळंदी स्टेशन माउलींच्या आळंदीचं नाही, ते म्हातोबाच्या आळंदीचं. सासवड रोड स्टेशन सासवडात नाही. सासवडला जाणारा रस्ता धरायचा तर इथे उतरा एवढाच त्या नावाचा अर्थ. वाठार स्टेशन एके काळी महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांचं उतरायचं ठिकाण होतं, त्यामुळे महाबळेश्वरच्या जुन्या प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख शोधा. किर्लोस्करवाडीचं आधीचं नाव कुंडल रोड. जुन्या कागदांत खडकीचं किर्की आणि दौंडचं धोंड असतं. फाइलला नाव देताना आजचं आणि जुनं दोन्ही लिहा.

१२. कोणतं स्टेशन कधी पाडणार हे आधी कसं कळेल?

रेल्वेच्या निविदा आयआरईपीएस या संकेतस्थळावर जाहीर असतात. कामाच्या नावात स्टेशनचं नाव आणि काय पाडायचं ते लिहिलेलं असतं. माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विभागाकडे आराखडा मागता येतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात मोघम लिहू नका. जुनी इमारत ठेवणार की पाडणार, असेल तर तिचा मूळ नकाशा, एवढंच मागा.

जागेवरच्या खुणाही असतात. झाडांवर रंगाने आकडे पडले, कंत्राटदाराची पत्र्याची शेड उभी राहिली, तिकीटखिडकी तात्पुरत्या खोलीत हलली, की मग पुढच्या रविवारची वाट पाहू नका.

१३. मी पोहोचेपर्यंत इमारत पडली. आता काय उपयोग?

आहे. जोत्याची रेघ, जुन्या फलाटाची दगडी कड, मालधक्का, झाडं यांवरून इमारत कुठे होती ते फोटोत बांधून ठेवता येतं. मग गावात जा. स्टेशनासमोरच्या हॉटेलात, निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांकडे, लग्नाच्या अल्बमांत जुनं स्टेशन असतं. वऱ्हाड गाडीने आलं की फलाटावर एक फोटो व्हायचाच. तसा फोटो मिळाला तर वापरण्याआधी प्रश्न १९ वाचा.

१४. फलाटावरची माणसं फोटोत आली तर?

लांबून, गर्दीत, ओळखू न येतील अशी आली तर हरकत नाही. माणसांशिवायचं स्टेशन खोटंही वाटतं. एकट्याचा फोटो काढायचा तर विचारून. बायका आणि लहान मुलं यांच्या बाबतीत विचारल्याशिवाय नाहीच. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांना बाहेर बोलण्यावर नियमांची बंधनं असतात, म्हणून त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या नावाने छापू नका. निवृत्त माणसं मोकळेपणी बोलतात. त्यांच्याकडे दोन वेळा जा, दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचे फोटो छापून न्या. तेव्हा जे आठवतं ते पहिल्या भेटीत कधी येत नाही.

१५. बंद पडलेल्या मार्गांवरच्या इमारतींचं काय? तिथे तर गाडीच येत नाही.

गाडी येत नाही म्हणून जागा बेवारस होत नाही. बहुतेक ठिकाणी ती अजून रेल्वेचीच असते, आणि छप्पर कुजलेलं असलं तर धोका चालू स्टेशनापेक्षा जास्त. आत शिरू नका.

पण बाहेरून जरूर टिपा, कारण हा भाग फार मोलाचा आहे. कुर्डुवाडीहून १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे २ फूट ६ इंची नॅरो गेजची होती. ती १९०६ ला पंढरपूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. २००० नंतर हे मार्ग ब्रॉड गेज झाले, काही ठिकाणी नवा रूळ जुन्यापासून सरकला आणि जुनी स्टेशनं, पुलांचे खांब शेतांत राहिले. नॅरो गेजच्या इमारती मुळातच लहान, फलाट जमिनीलगत. त्यांचं प्रमाण कळण्यासाठी शेजारी माणूस उभा करा. बोरघाटातल्या १८६३ च्या मूळ मार्गावर गाडी उलटी फिरवण्याचं स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये मार्ग बदलल्यावर सुटलं. त्या जागेपर्यंत चालत जाऊ नका. चालू घाटमार्गाला लागून आहे.

१६. ड्रोन उडवू का?

नको. ड्रोन नियम २०२१ नुसार कुठे उडवता येतं हे नकाशावर आखलेल्या विभागांवर (झोनवर) ठरतं, आणि पुण्याभोवती लोहगाव विमानतळ व लष्करी क्षेत्रांमुळे बराच भाग बंद किंवा परवानगीचा आहे. २५० ग्रॅमखालच्या छोट्या ड्रोनला चालक परवाना लागत नसला तरी विभागांचे निर्बंध त्यालाही लागू. शिवाय रेल्वेच्या हद्दीवर रेल्वेची वेगळी परवानगी.

१७. खडकी, देहूरोडला नेहमीपेक्षा वेगळं काही?

हो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, देहूरोडला लष्कराचं भांडार. तिथे फलाटावर उभं राहून इमारतीचा फोटो घेणं आणि कॅमेरा कुंपणापलीकडे वळवणं यांत फार फरक आहे. या दोन ठिकाणी लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढूच नका, आणि फोटोत लष्करी साइडिंग किंवा मालगाडी येत असेल तर तो प्रकाशित करू नका.

१८. फोटो ठेवू कुठे, देऊ कुणाला?

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. विकिमीडिया कॉमन्सवर टाकलेत तर कुणालाही सापडतील, पण तिथल्या परवान्याने इतर लोक ते धंद्यासाठीही वापरू शकतात. ते पटत असेल तरच टाका. आणि निवडक पंधरा-वीस फोटो कागदावर छापून त्या गावच्या ग्रंथालयाला किंवा शाळेला द्या. ही गोष्ट मी सर्वांत आग्रहाने सांगतो. त्या स्टेशनवर ज्यांनी गाड्या पकडल्या, त्यांना ते पाहायला पुण्याला यावं लागू नये.

१९. गावातल्या कुणीतरी जुना फोटो दिला. मी तो वापरू शकतो का?

फोटोची प्रत ज्याच्याकडे असते तोच हक्कदार असतो असं नाही. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा स्वामित्वहक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणून फोटो काढणारा कोण, स्टुडिओचा शिक्का आहे का, हे विचारा. कुटुंबाकडून लेखी होकार घ्या आणि श्रेय त्यांना हवं तसं द्या. मूळ फोटो घरी नेऊ नका, तिथेच बसून स्कॅन करा. मागची बाजूही स्कॅन करा, तारीख तिथेच असते.

२०. पाडकामाच्या ढिगात पितळी पाटी दिसली. कामगार म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. घेऊ?

घेऊ नका. ढिगात पडली तरी ती रेल्वेची मालमत्ता आहे, आणि रेल्वे मालमत्ता (अवैध कब्जा) कायदा १९६६ खाली बाळगणाऱ्यावर गुन्हा होतो. कुणी दिली हे सांगून सुटका होत नाही. जागेवरच तिचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, मोजपट्टीसह. त्याच दिवशी स्टेशनमास्तरांना दाखवा आणि विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयाला पत्र लिहा : वस्तू काय, नेमकी कुठे पडली आहे, ती वारसा म्हणून जपावी ही विनंती, सोबत फोटो. पत्राची एक प्रत मध्य रेल्वेच्या मुख्यालयाला पाठवा आणि दोन्ही पोचपावत्या फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवा.